आपल्यातच राहील

व्याकरण शिकवणाऱ्या बाई म्हटलं की कपाळावरची आठी आणि हातातली पट्टी डोळ्यांसमोर येते. या बाई तशा नव्हत्या. मुलांनी निबंधात कितीही गोंधळ घातला तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. एखादं वाक्य धापा टाकायला लागलं की तिथे लाल शाईने एक स्वल्पविराम टाकायच्या आणि पुढच्या ओळीवर जायच्या. मुलांनी त्यांचं नाव पाडलं स्वल्पविरामबाई. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा हसून म्हणाल्या, “पूर्णविराम म्हणाले नाहीत, हेच नशीब समजा.”

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातल्या कॉलेजने त्यांना संध्याकाळचा लेखनवर्ग चालवायला बोलावलं. दिवसभर पोटामागे धावणारी आणि तरीही लिहायची खाज असलेली माणसं या वर्गात यायची. काही समोरच्या बाकांवर बसत, काही दूरच्या गावांतून भिंतीवरच्या पडद्यावर दिसत. बाईंना हे काम इतकं आवडलं की दुपारपासूनच त्यांची निघायची घाई सुरू व्हायची. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आता घरातलेच नळ उघडून पुन्हा बसवत बसायचे. ते म्हणायचे, “तू त्या वर्गातल्या माणसांवर जेवढा विश्वास ठेवतेस ना, तेवढा मी नव्या वॉशरवरसुद्धा ठेवत नाही.”

“वॉशरला काय कळतंय विश्वास ठेवलेला?” बाई म्हणायच्या आणि चपला घालायच्या.

वर्गाआधी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात जायच्या. मागच्या खोलीत, जिथे फाटकी पुस्तकं डिंकाच्या वासात शिवायला पडलेली असायची, तिथे ग्रंथपाल मैत्रीण चहा करून ठेवायची. या दोघींची मैत्री जुनी. ग्रंथपाल आधी बाईंच्याच शाळेत होती. नवरा सोडून गेला तेव्हा ती बाईंच्या घरी राहिली होती, आणि बाईंच्या मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बाईंचं डोकं मांडीवर घेऊन हीच बसली होती. दोघी इतक्या चिकटून असायच्या की कॉलेजातला शिपाई त्यांना ‘जोडाक्षर’ म्हणायचा. बाईंच्या पोटातलं एकही गुपित असं नव्हतं की जे त्या खोलीत सांगून झालं नव्हतं.

वर्गाची पद्धत अशी होती : प्रत्येकाने लिहिलेलं वर्गाच्या ऑनलाइन जागेत टाकायचं आणि बाकीच्यांनी खाली अभिप्राय द्यायचा. कल्पना चांगली, पण पडद्याआडून बोलताना माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. वर्गात एक लिफ्टदुरुस्तीवाला होता. त्याने आपल्या आईवर लिहिलं. ती कामावर निघाली की त्याला कपाटात बसवायची, कारण खोलीच्या दाराला कडी नव्हती, कपाटाला होती. खाली दूरगावच्या एका बँक-कारकुनाने अभिप्राय टाकला : ‘खोटं वाटतं. अशी आई असते का?’ लिफ्टवाला यायचा बंद झाला.

बाईंनी फोन केला. पलीकडून कुठल्यातरी इमारतीच्या पोटातला खडखडाट ऐकू येत होता.

“बाई, चुका काढा, माझं काही म्हणणं नाही,” तो म्हणाला. “पण ज्याला मी कोण ते माहीत नाही, त्याने माझ्या आईबद्दल बोलावं कशाला?”

ते बाईंच्या मनाला लागलं. खरंच, ही माणसं एकमेकांचं लिखाण वाचत होती, माणूस मात्र कुणी वाचलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मैत्रिणीला म्हणाल्या, “मला प्रत्येकासाठी एकेक पान करून दे. ओळखीचं पान. लिखाण वाचायच्या आधी लिहिणाऱ्याचं पान वाचायचं. जमेल?”

“मला काय जमत नाही?” ग्रंथपाल म्हणाली. संगणकाच्या बाबतीत बाई अगदीच ढ, आणि ती पटाईत. तिने भराभर पानं बनवली, कुलपं लावली, प्रत्येकाला किल्ली दिली.

पहिला प्रयत्न साफ फसला. सगळ्यांनी एकच लिहिलं : मला वाचनाची, प्रवासाची आणि संगीताची आवड आहे. पानं वाचून बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्ही सगळे काय जुळी भावंडं आहात की काय? ही ओळख झाली की नोकरीचा अर्ज?” मग त्यांनी प्रश्नच बदलले. घरात तुमची बसायची जागा कोणती? कोणता आवाज आला की काळजात धस्स होतं? तुम्ही लिहिलेलं नेमकं कोणत्या माणसाने वाचू नये असं वाटतं? कोणीच पहिलं पाऊल टाकेना. तेव्हा बाईंनी आधी स्वतःचं पान लिहिलं. त्यात होतं की लग्नानंतर त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली होती, पण सासूबाई चष्मा लावून पानं चाळायच्या म्हणून ती सोडून दिली. आणि तेव्हापासून त्या फक्त दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत आल्या. शेवटी लिहिलं होतं, ‘या गावात माझं मन मोकळं करायला एकच जागा आहे, आणि तेवढी मला पुरते.’

“आता तुम्ही,” त्या वर्गाला म्हणाल्या. “इथे लिहाल ते आपल्यातच राहील. हा माझा शब्द.”

आणि माणसं उघडली. कारकुनाने लिहिलं की त्याला आई आठवतच नाही, आईवर लिहिलेलं काही दिसलं की त्याला हेवा वाटतो आणि मग तो वाकडं बोलतो. लिफ्टवाल्याने ते वाचलं आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप येऊन मागच्या बाकावर बसला. कारकून पडद्यावरून म्हणाला, “माझं चुकलं हो.” लिफ्टवाला म्हणाला, “जाऊ द्या. कपाटात अंधार असतो, एवढंच जरा जास्त लिहिलं होतं मी. फटीतून दिसायचं थोडं.” सगळे हसले. बाईंना वाटलं, आयुष्यात इतकी पुस्तकं शिकवली, पण खरं शिकवलं ते आज.

सगळ्यांत उशिरा लिहिलं ते ‘हॅलो’ने. ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर कामाला होती. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी देताना तिच्या तोंडून सवयीने “हॅलो, कुठे जोडू?” निघून गेलं आणि तेच नाव चिकटलं. दिवसभर बोलून बोलून ती वर्गात मुकी बसायची. तिने लिहिलं ते असं :

‘माझ्या आईची स्मृती गेली आहे. मोठी ताई वारली हे तिला आठवत नाही. ती मला ताईच्या नावाने हाक मारते आणि मी ओ देते. आई ताईवर जीव टाकायची. माझ्यावर नव्हता असं नाही, पण उरलेला होता. आता ती माझे केस विंचरते, माझा हात हातात घेऊन बसते. मी ताईचा स्वेटर घालून तिच्याजवळ जाते. हे प्रेम माझ्या नावचं नाही, मी ते चोरून खाते आहे. बाबांना यातलं काही माहीत नाही.’

त्याखाली कोणी अभिप्राय दिला नाही. पण पुढच्या वर्गाला कोणीतरी हॅलोच्या बाकावर गरम चहाचा कप ठेवून गेलं, आणि ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

काही महिने असे सुखाचे गेले. मग एका सकाळी यजमान केस कापून आले ते न्हाव्याकडची वर्तमानपत्राची पुरवणी घेऊनच. बाईंच्या घरी ते वर्तमानपत्र येत नसे.

“अगं, तुझी मैत्रीण तर छुपी रुस्तम निघाली,” ते दारातूनच म्हणाले. “फोटोसकट सदर येतंय तिचं. न्हावी म्हणाला, आधीचेही अंक आहेत, लोक रांग लावून वाचतात. ऐक.”

बाई हातातलं काम टाकून आनंदाने समोर बसल्या. मनात आलं, मला सांगितलं कसं नाही हिने? लबाड कुठली, चकित करायचं असेल. यजमान खुर्चीत बसून मोठ्याने वाचायला लागले. एका संध्याकाळच्या वर्गाची गोष्ट होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण होता, कपाट होतं. यजमान वाचता वाचता हसत होते. “आणि या सगळ्यांच्या मधोमध त्यांची बाई. सासूच्या चष्म्याला घाबरून जिने आपली कादंबरी माळ्यावर टाकली आणि आता दुसऱ्यांच्या दुःखात स्वल्पविराम घालत फिरते. तिला वाटतं, आपण माणसं जोडतो…”

यजमानांचा आवाज मधेच बसला. त्यांनी चष्मा काढला. घरातली ती गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती. आईच्या भीतीने बायकोने लिहिणं सोडलं, हे त्यांना न्हाव्याच्या पुरवणीतून कळत होतं.

“हे खरं आहे?” त्यांनी विचारलं.

बाईंनी कागद हातात घेतला. खाली चौकट होती : पुढच्या रविवारी – ताईचा स्वेटर.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं, हे बाईंना तेव्हा कळलं. त्या उठल्या आणि तशाच मैत्रिणीच्या घरी गेल्या. तिने दार उघडलं आणि बाईंच्या हातातला कागद पाहून बाजूला झाली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

“मी सांगणारच होते,” ती म्हणाली. “नावं सगळी बदलली आहेत गं.”

“वाक्यं कुठे बदललीस?”

“चांगल्या वाक्याला कोण हात लावतं? तूच तर शिकवतेस, लेखकाच्या डोळ्यांना जे दिसतं ते त्याचं.”

“दिसतं ते. मी तुला कुलूप लावायला किल्ली दिली होती, आत जाऊन सामान उचलायला नाही!” बाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो कधी चढला नव्हता, त्यामुळे तो नीट चढलाही नाही, मधेच फाटला. “माझं जाऊ दे. मला तू हस, चार लोकांना हसव. पण हॅलोचं नको. तिच्या बाबांना माहीत नाही. तेवढं थांबव.”

“अंक छापायला गेला.”

“फोन कर.”

ग्रंथपाल खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर शरम होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, जुनं आणि कडवट. “तुझ्या वर्गाची पानं मी केली,” ती म्हणाली. “प्रत्येकाचं. लिफ्टवाल्याचं, कारकुनाचं, तुझं. मला एकदा तरी म्हणालीस, तुझंही एक पान कर? मीही लिहिते, हे तुला माहीत होतं ना? शाळेत असताना मी तुला एक गोष्ट दाखवली होती. तू त्यात स्वल्पविराम घातलेस आणि परत दिलीस. चांगली आहे की वाईट, काही बोलली नाहीस.”

बाईंना ती गोष्ट आठवेना. त्या खूप आठवू लागल्या, पण आठवेना.

“म्हणून केसाने गळा कापायचा?” त्या म्हणाल्या. “माझ्यावर राग होता तर माझ्या तोंडावर बोलायचं होतंस. त्या पोरीने तुझं काय घोडं मारलं होतं?”

ग्रंथपालने फोन केला नाही. बाईंनीच त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. तिथे कोणीतरी म्हणालं, साहेब सुट्टीवर आहेत. मग त्यांनी हॅलोला फोन केला, सगळं सांगायला. हॅलो म्हणाली, “बाई, बाबा ते वर्तमानपत्र घेतात.” एवढंच. फोन ठेवला तिने.

पुढच्या वर्गाला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बाई कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेल्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, “बाई, आपलेच दात आपलेच ओठ. शिवाय खरं सांगू? सदरामुळे वर्गाचं नाव झालंय. प्रवेशासाठी विचारणा वाढली आहे. पानं हवी तर काढून टाकू, पण ग्रंथपालांवर कारवाई म्हणजे…” पुढचं त्यांनी हाताने सांगितलं. पानं त्याच दिवशी काढली गेली. चोरी झाल्यावर दाराला कडी लावावी तशी.

बाईंनी वर्गासमोर उभं राहून सगळं सांगितलं. शब्द माझा होता, तो मोडला, म्हणाल्या. कारकुनाने पडद्यावरचा आपला चौकोन काळा केला. बाईंना वाटलं होतं, लिफ्टवाला सगळ्यांत जास्त भडकेल. तो उठला आणि संकोचत म्हणाला, “बाई, राग मानू नका, पण मला आवडलं ते. कात्रण आईला दाखवलं मी. ती म्हणाली, गरिबाच्या कपाटाचं कौतुक झालं बघ.” दोघंतिघं हसले. एकीने विचारलं की आपल्यावरचं कोणत्या रविवारी येणार आहे. बाई हातातला खडू घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांना जितकं एकटं वाटलं, तितकं मैत्रिणीच्या घरीही वाटलं नव्हतं. तिथे निदान भांडायला कोणी तरी होतं.

शेवटी त्या इस्पितळात गेल्या. टेलिफोनची खोली जिन्याखाली होती, खिडकी नसलेली. बोर्डावरचे दिवे लागत विझत होते आणि हॅलो कानाला यंत्र लावून बसली होती. तिने बाईंना पाहिलं, स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बाबांनी वाचलं?” बाईंनी विचारलं.

“वाचलं.” दिवा लागला. “हॅलो, बालरोग? जोडते.” ती परत वळली. “ते जेवले, ताट धुतलं. मग आईपाशी गेले आणि म्हणाले, अगं, ही मोठी नाही. ही धाकटी. मोठी गेली आपली.” दिवा लागला. “हॅलो, भेटीची वेळ संपली, उद्या या. हो. उद्या.” 

“अरे देवा,” बाई म्हणाल्या.

“त्यांना माझं वाईट वाटलं, बाई. मला उरलेलं मिळतं हे वाचून त्यांना वाटलं, माझा हक्क मला द्यावा. माझ्या नावाची आईला आठवण करून द्यावी.” हॅलोचा आवाज कामाचाच होता, सपाट, स्पष्ट. “आईला ताई गेल्याचं त्या दिवशी कळलं. पुन्हा पहिल्यांदा. खूप रडली. आता तेही विसरलीय. पण मला बघितलं की घाबरते. मी जवळ गेले की ही कोण बाई म्हणून बाबांकडे बघते. केस नाही विंचरत.” 

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. हॅलोने तो काढला नाही, पण तिचा हातही हलला नाही.

“मी काय करू सांग. मी बाबांशी बोलू?”

“नको. तुमची चूक नाही, हे कळतं मला. तुमच्याही पाठीतच सुरा बसलाय. पण बाई, तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं मी. ग्रंथपालबाईंना मी ओळखतही नव्हते. त्यांचा राग कसा करू? माझ्याकडे राग करायला तुम्हीच आहात.” दिवा लागला. तिने बटण दाबायच्या आधी म्हटलं, “पुन्हा येऊ नका. तुम्ही दिसलात की ते सगळं आठवतं.” मग यंत्रात म्हणाली, “हॅलो, कुठे जोडू?”

बाई जिना चढून वर आल्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि लोक फुलं, फळं घेऊन आत चालले होते. त्या गेटपाशी उभ्या राहून ढसाढसा रडल्या. इस्पितळाच्या दारात रडणाऱ्या बाईकडे कोणी वळून बघत नाही, तेवढं बरं झालं.

वर्ष संपेपर्यंत बाईंनी वर्ग चालवला. शिकवण्यात कसूर केली नाही. वाक्य कसं उभं करायचं, संवाद कसा लिहायचा, सगळं शिकवलं. पण आता कोणी काही वाचून दाखवलं की त्या “छान” म्हणायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. चहा स्टाफरूममध्ये घ्यायच्या, रसायनशास्त्राच्या सरांच्या शेजारी. ते आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि बाई मनापासून ऐकायच्या, कारण गुडघ्याच्या दुखण्यात कोणाचं गुपित नसतं.

सदराचं पुस्तक झालं. प्रकाशन कॉलेजच्याच सभागृहात झालं. लिफ्टवाल्याला मंचावर बोलावलं, शाल दिली. बाई गेल्या नाहीत. नंतर कधीतरी व्हरांड्यात ग्रंथपाल समोरून आली. ती थबकली, तोंड उघडलं. बाईंनी मान डोलावली, अनोळखी पालकाला डोलवावी तशी, आणि पुढे गेल्या. शिपाई हे बघत होता. त्यानंतर तो त्यांना जोडाक्षर म्हणेनासा झाला.

घरी यजमानांनी एक गोष्ट केली. माळ्यावरची पेटी खाली काढली, कादंबरीची पानं पुसून टेबलावर ठेवली. “मी वाचलेली नाहीत,” ते म्हणाले. “तू म्हणशील तेव्हा वाचेन. नाही म्हणशील तर नाही.” बाईंना बरं वाटलं, पण ती पानं उघडावीशी वाटली नाहीत. त्यातली वाक्यं आता आपली राहिली नाहीत असं काहीतरी वाटायचं. पानं तिथेच पडून राहिली, वर्तमानपत्रं येऊन साठत गेली.

पुढच्या वर्षी एका दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. मूल होणार नाही असं डॉक्टर इतकी वर्षं सांगत आले होते, आणि आता हो म्हणाले होते. मुलगी हसत होती, रडत होती, “आई, तू आजी होणार” म्हणत होती. फोन ठेवल्यावर बाई घरभर फिरल्या. यजमान बाजारात गेले होते. आनंद पोटात मावेना, आणि हाताने आपणहून नंबर लावला. इतकी वर्षं हात तोच नंबर लावत आला होता.

एकदाच घंटी वाजली.

“बोल गं,” पलीकडून मैत्रीण म्हणाली. किती घाईने म्हणाली! जणू फोन हातातच धरून बसली होती. “बोल ना. काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

बाईंच्या घशाशी सगळं आलं होतं. दवाखान्यातला तो बाक आला होता, ती मांडी आली होती. मग स्वेटर आला.

“चुकून लागला,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

यजमान परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. बातमी त्यांनी त्यांना सांगितली, आणि मग शेजारच्यांना, आणि मग आणखी कोणाला सांगावं ते त्यांना सुचेना.